त्या श्वासाचं कौतुक

६ ऑक्टोबर

ताई,

शुक्रवारी पहिल्या खेळाला पडद्यावरची ती आई पाळण्यापाशी बसली, बाळ रडत राहिलं, ती उठली नाही, आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या टकल्या गृहस्थाने बायकोचा हात घट्ट धरला. त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. तोवर मी ‘कॉलेज अर्धवट सोडलेला’ होतो. आता कोण आहे ते ठरायचंय, पण तो नाही एवढं नक्की. बाबांना हे सांगू नकोस. नाही, सांगच!

आमचा सिनेमा लागला. भीतीचा आहे, पण त्यात भूत नाही. एक नवी आई, तान्हं बाळ आणि घर. तिला सारखं वाटतं, घरात आणखी कुणीतरी आहे आणि ते बाळाला काहीतरी करणार. लोक खुर्चीच्या टोकावर बसतात, आत्ता येईल, आत्ता येईल म्हणून. आणि भूत येतच नाही. हळूहळू कळतं, ती घाबरलीय ती स्वतःलाच.

रविवारच्या पेपरात त्या खाष्ट समीक्षकाने अर्धं पान दिलंय. वर्षातून दोन सिनेमांना ‘बरा’ म्हणतो तो माणूस! कात्रण जोडलंय, पण तुझ्या आळसाची मला खात्री आहे म्हणून इथेच उतरवतो: ‘या चित्रपटातली सर्वांत भीतिदायक गोष्ट दिसत नाही, ऐकू येते. बाळ रडत आहे आणि अगदी जवळ एका बाईचा श्वास. तो मध्येच थांबतो, जणू उठायचं कसं तेच ती विसरली आहे. हा अभिनय असेल तर आजवर मी अभिनय पाहिलाच नव्हता.’

ताई, तो अभिनय नाहीच. तो तुझा श्वास आहे!

मे महिन्यात मी टेपरेकॉर्डर तुझ्याकडे ठेवून गेलो होतो ना, बाळ रडलं की लगेच उचलू नकोस, थोडं रडू दे, असं सांगून? आमच्या ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत बाळांच्या रडण्याच्या जेवढ्या टेप होत्या त्या सगळ्या जाहिरातीतल्या बाळांसारख्या, पोट भरलेलं असताना रडणाऱ्या. तुझी कॅसेट आली आणि आमचे उस्ताद (त्यांना सगळे कानसेन म्हणतात, खरं नाव त्यांच्या बायकोलाच आठवत असेल) ताठ बसले. नायिकेचा श्वास आम्ही आधी टेपवर घेतला होता, पण तो जिना चढून आल्यासारखा वाटायचा. कॅसेटमध्ये रडण्याच्या मागे तुझा श्वास होता. मीच म्हटलं, हाच लावू या. दिग्दर्शिकाबाईंनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, ‘कोण आहेत या? बऱ्या आहेत ना?’ मी म्हटलं, ‘माझी ताई, ठणठणीत आहे!’

इतका वेळ तू बाळाला रडू दिलंस, काळीज दगडाचं करून, ते कुणासाठी? तर या नालायक भावासाठी. हे ऋण मी कुठे ठेवू?

शेजारच्या संकलनाच्या खोलीत एकजण आहे, तिला आम्ही कात्री म्हणतो. तुकडे कापते आणि बोलतेही तसंच. खेळ संपल्यावर तिने माझ्याकडे बघून मान हलवली. ताई, ती मान! मला जेवण गेलं नाही.

दोन पास पाठवतोय. तुमच्या गावातही लागलाय. जाच.

तुझा
भडकू


१४ ऑक्टोबर

प्रिय भडकूस, आशीर्वाद आहेतच, ते काही मागून घ्यायचे नसतात.

पत्र मिळालं, कात्रण मिळालं, पास मिळाले. कात्रण सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “श्वासाचं कौतुक? आम्ही जन्मभर घेतोय, कुणी विचारलं नाही.”

आमचे पाळण्यातले राजे बरे आहेत. वजन वाढलंय. सगळे म्हणतात, माझ्यावर गेलाय. मला तसं काही दिसत नाही, पण सगळे म्हणतात म्हणजे असेल. तुझे भाऊजी पाळीवरून येतात ते आधी पाळण्याकडे जातात, मग चपला काढतात. सासूबाई ओरडतात. म्हणजे घर नीट चाललंय.

मी मजेत आहे. झोप कमी होते, ती कुठल्या आईची होत नाही? घर आवरून ठेवलंय. सुऱ्या, कात्र्या सगळं वरच्या फळीवर नेलं. सासूबाई हसतात, “अजून रांगता येत नाही त्याला आणि तू आत्तापासून सुऱ्या लपवतेस.”

आभार कसले मानतोस? मी काही मुद्दाम केलं नाही.

आम्हाला काही सिनेमाला जायला जमणार नाही. पण एक सांग, त्या बाईचं शेवटी काय होतं? गोष्ट आधी फोडली तर मजा जाते म्हणशील, ती गेली तर जाऊ दे. ती वाईट बाई आहे का रे? म्हणजे तुम्ही तिला तशी दाखवलीय का? आणि लोक बाहेर पडताना तिच्याबद्दल काय बोलतात?

मान हलवली म्हणजे रग लागली असेल मानेला. दिवसभर वाकून काम करते ना? जेवत जा.

तुझी
ताई


२१ ऑक्टोबर

मानेला रग! ताई, तू माझी सख्खी बहीण आहेस की सात जन्मांची वैरीण?

इकडे महाभारत झालं. संध्याकाळच्या पेपरातल्या एका शहाण्याने सिनेमा धुऊन काढला. मथळा, ‘आईपणाची बदनामी’. म्हणतो, पोटच्या पोराला रडू देणारी आई यांनी कुठे पाहिली? आई अशी नसतेच! माझं डोकं असं सणकलं की चप्पल कुठली पायात घातली तेही बघितलं नाही, थेट त्याच्या कचेरीत.

राक्षस असेल असं वाटलं होतं. निघाला एवढासा माणूस, गळ्यात मफलर, समोर चहा.

मी म्हटलं, “तुम्हाला आईतलं काय कळतं?”

तो म्हणाला, “आम्ही सहा भावंडं. थोडंफार कळतं. तुम्ही कोण?”

“तो श्वास माझ्या सख्ख्या बहिणीचा आहे! तिच्याएवढी माया जगात कुणी केली नसेल!”

“म्हणजे तुमच्या बहिणीने मुलाला खरंच रडू दिलं?”

मी टेबलावर मूठ आपटली. चहा त्याच्या लिहिलेल्या कागदांवर सांडला. शिपायाने मला कॉलरला धरून जिन्यापर्यंत पोचवलं, अगदी पाहुण्यासारखं. कात्रीला सांगितलं तर म्हणाली, “शाबास. आता तो दुसरा लेख लिहील, ‘सिनेमा पाहून लोक हिंसक होतात’.” आणि दिवसभर बोलली नाही. संतापाने आधीच पेटलेलो, त्यात हे.

तू विचारलंस ते सांगतो. शेवट असा आहे: भर दुपारी ती बाळाला घेऊन समोरचं दार वाजवते. शेजारीण येते. आई म्हणते, “याला जरा धरता? मला माझीच भीती वाटते.” शेजारीण बाळाला घेते आणि तिलाही आत घेते. बस. पडदा काळा. लोक उठत नाहीत. खाष्ट समीक्षकाने याच जागेसाठी लिहिलंय, ‘भयपटाच्या शेवटी इतकं हायसं मला कधी वाटलं नव्हतं.’ नाही, ती वाईट नाही. आजारी आहे.

तू मात्र असल्या बायकांचा विचार करू नकोस. त्या वेगळ्या. तुझ्यावर सिनेमा काढायचा तर पाच मिनिटांत संपेल. बाळ रडलं, ताईने उचललं, समाप्त!

त्या मफलरवाल्याचा लेखही पाठवतोय. सासूबाईंना वाचायला दे, त्या शिव्या चांगल्या देतात.

भडकू


१२ नोव्हेंबर

ताई, तीन आठवडे झाले. पत्र नाही. काही चुकलं का माझं? रागावली असशील तर तसं लिही, शिव्या लिही, पण लिही. कात्री बोलायला लागली, तेही तुला सांगायचं राहिलंय.

भ.


२८ नोव्हेंबर

भडकू,

रागावले नव्हते. लिहायला बसायचे, पहिली ओळ ‘आम्ही सगळे मजेत’ अशी लिहायचे आणि पुढे हात चालायचा नाही. मग कागद फाडायचे.

आधी एक वाच आणि मग पुढे जा. बाळ सुखरूप आहे. मी त्याला कधीही, काहीही केलेलं नाही. आता श्वास घे.

तू पाठवलेला तो ‘बदनामी’वाला लेख सासूबाईंनी वाचला. वाचून त्यांचा पारा चढला, पण सिनेमावर. “बघू तरी कशी बदनामी करतात आईची! ऊठ. ते फुकटचे पास कुठे आहेत?” तुझ्या भाऊजींना सुट्टी होती, त्यांच्याकडे राजांना दिलं आणि आम्ही दोघी दुपारच्या खेळाला गेलो. मी नको म्हटलं होतं. त्यांच्यापुढे कुणाचं चाललंय?

अर्ध्या सिनेमापर्यंत त्या पडद्याशी भांडत होत्या. “अगं उचल की त्याला, बाई!” असं एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की मागची पोरं हसली. मग तो श्वासाचा भाग आला आणि त्या गप्प झाल्या.

मी माझा श्वास ओळखला. भडकू, तू लिहिलं होतंस की तुझ्यासाठी मी काळीज दगडाचं केलं. तसं नव्हतं रे. यंत्र चालू आहे हे मी विसरूनच गेले होते. तो रडत होता, हातभर अंतरावर, आणि मला उठता येत नव्हतं. त्याचं रडणं दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून येतंय असं वाटत होतं. आणि उठले तर माझ्या हातून काही भलतंच होईल, अशी भीती. म्हणून सुऱ्या वर ठेवल्या होत्या. त्याला आंघोळ घालायची वेळ आली की मी काहीतरी कारण काढून सासूबाईंना बोलवायचे. सगळ्यांना वाटायचं, सुनेला सासूचा भारी लळा.

‘त्या बायका वेगळ्या’ असं तू लिहिलंस, तेव्हा मला वाटलं, आता कुणालाच सांगता येणार नाही. तुलासुद्धा नाही. तुझ्यावर राग नाही धरला. तू मला चांगलं समजतोस, त्याचंच ओझं झालं.

खेळ संपला. बाहेर येऊन सासूबाई थिएटरच्या पायरीवरच बसल्या. मला वाटलं, चक्कर आली. म्हणाल्या, “ती बाई खोटी नाही गं. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी विहिरीवर एकटी जायचे नाही. शेजारणीला म्हणायचे, कंबर दुखते, माझंही पाणी तूच भर. कंबर कसली दुखतेय!”

मी म्हटलं, “आई, मी सुऱ्या वर ठेवल्यात.”

त्या म्हणाल्या, “ते मला दिसलं होतं. मी हसले. मी हसायला नको होतं.”

मग भर रस्त्यात दोघी रडलो. एक रिक्षावाला थांबून विचारायला लागला, “घरी काही वाईट झालं का?” सासूबाई डोळे पुसत त्याला म्हणाल्या, “नाही रे बाबा, सिनेमा चांगला होता.”

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी आणि तुझ्या भाऊजींनी मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टर म्हणाल्या, याला नाव आहे, औषध आहे, आणि हे जातं. अशा कितीतरी जणी त्यांच्याकडे येतात, त्याहून जास्त येतच नाहीत. भाऊजी व्हरांड्यात उभं राहून रडले. त्यांना वाटत होतं, मी त्यांच्यावरच कशासाठी तरी चिडलेय. तेव्हा त्यांच्यावर डाफरू नकोस, मला माहीत आहे तू पेन उचललं असशील.

गोळ्या चालू आहेत. सुऱ्या खाली आणलेल्या नाहीत अजून. पण काल तो जांभई देत होता आणि मला पहिल्यांदा वाटलं, हा खरंच माझ्यावर गेलाय.

आता आभारांचं. तुझ्या खाष्ट समीक्षकाचे आभार मान, त्याने जे लिहिलं ते मी उशीखाली ठेवलंय. उठायचं कसं ते विसरली आहे, असं त्याने लिहिलं. वाईट आहे, असं नाही लिहिलं. दिग्दर्शिकाबाईंचे मान. आणि त्या मफलरवाल्याचेही मान, ज्याचा चहा सांडलास. त्याने शिव्या घातल्या नसत्या तर सासूबाई उठल्या नसत्या, आणि मी अजून ‘आम्ही सगळे मजेत’ लिहीत बसले असते. त्याची माफी माग.

ताई


३ डिसेंबर

ताई,

भाऊजींना लिहिलेलं पत्र फाडलं. तू ओळखलंस ते बरोबर होतं, अर्धं लिहून झालंही होतं.

काल स्टुडिओत एकटा बसून तुझी कॅसेट पहिल्यापासून ऐकली. तेव्हाही ऐकली होतीच, कितीतरी वेळा. पण ताई, तेव्हा मी काय ऐकत होतो माहीत आहे? मागे पंखा लागतोय का. नळ वाहतोय का. टेप खरखरतेय का. माझी बहीण तिथे बुडत होती आणि मी खूश होतो, की आवाज किती स्वच्छ आलाय! दिग्दर्शिकाबाईंनी एकदाच ऐकून विचारलं, बऱ्या आहेत ना. कानसेनांनाही सांगितलं. ते म्हणाले, “मीही पंखाच ऐकत होतो रे.”

मफलरवाल्याकडे गेलो. शिपायाने आधी माझे हात तपासले. तो म्हणाला, “बसा. चहा घेणार की सांडणार?” मी तुझं नाव न घेता सगळं सांगितलं. तो मफलर सोडून पुन्हा बांधत बसला. मग म्हणाला, “म्हणजे मी चुकीचं लिहिलं.” मी म्हटलं, “तुम्ही चुकीचं लिहिलंत म्हणून माझी बहीण सापडली. आभार मानायला आलोय.” त्याने चहा मागवला. मी घेतला.

आता एक अवघड गोष्ट. मी बढाया मारत सुटलो होतो, की तो श्वास माझ्या ताईचा. ते निर्मात्याच्या प्रसिद्धीवाल्याच्या कानावर गेलं. समीक्षकांच्या मंडळाने आमच्या सिनेमाला आवाजाचं पारितोषिक दिलंय. प्रसिद्धीवाल्याला वाटतं, पारितोषिकाच्या समारंभात ‘खरी आई’ बाळासकट स्टेजवर यावी, पेपरात फोटो यावा. तसं झालं तर पारितोषिकावर कानसेनांच्या शेजारी माझं नाव, आणि पुढच्या सिनेमाचं पूर्ण काम माझ्याकडे.

खोटं कशाला बोलू? माझं नाव ऐकलं आणि मोह पडला. बाबांना दाखवता आलं असतं. कात्रीलाही. नाही म्हणायला हवं होतं आणि मी म्हणालो, ‘विचारतो.’ विचारतोय. तू सांगशील ते.

भडकू


९ डिसेंबर

भडकू,

विचारलंस, ते बरं केलंस. मी येणार नाही. नावही सांगायचं नाही, माझं नाही आणि राजांचं तर नाहीच. उद्या तो शाळेत जाईल, तिथे त्याला कुणी ‘तो सिनेमातला रडका’ म्हणायला नको. आणि मी अजून बरी होतेय. बरी होताना कुणी बघत बसलेलं मला नको आहे.

पण श्वास काढू नका. तो राहू दे. मागच्या रांगेत माझ्यासारखी कुणी बसली असेल तर तिच्या कानावर पडू दे. तो मी माझ्या मर्जीने देतेय, या वेळी खरोखर देतेय.

तुझं नाव त्यापायी जाणार, ते मला कळतंय. त्याचं वाईट वाटतं. नालायक तर तू कधीच नव्हतास.

भांडू नकोस. एकदा सांग आणि निघ. आणि जमलं तर इकडे ये थोडे दिवस. सासूबाई दमल्यात, भाऊजींची पाळी बदललीय. बाळाला धरायला एक माणूस हवाय.

ताई


१५ डिसेंबर

ताई,

हे पत्र टपालात टाकणार नाही, स्वतःच घेऊन येतोय. तोंडाने सांगायला बसलो तर तिखटमीठ लावीन, म्हणून स्टँडच्या बाकावर बसून जसं झालं तसं लिहून काढतोय.

सकाळी निर्मात्याच्या कचेरीत बोलावलं होतं. निर्माता, प्रसिद्धीवाला, कानसेन, दिग्दर्शिकाबाई. कात्री जाहिरातीचे तुकडे दाखवायला आली होती, ती कोपऱ्यात उभी. मी म्हटलं, “बहीण येणार नाही. तिचं नाव कुठे येणार नाही. श्वास तिने दिलाय, तो राहील.”

प्रसिद्धीवाला म्हणाला, “का? तब्येत बरी नाही का?”

मी गप्प राहिलो. तेवढ्यावरून तो ओळखायचं ते ओळखून चुकला. त्याचे डोळे चमकले, ताई. “म्हणजे खरंच तसलं काही आहे? अरे, मग तर सोनंच आहे! लोक ढसाढसा रडतील!”

टेबलावर एक काचेचा गोळा होता, कागदांवर ठेवायचा. तो माझ्या हातात कधी आला मला कळलं नाही. कानसेन अर्धे उठले. मी गोळा परत कागदांवर ठेवला.

“मग तुझं नावही नाही,” निर्माता म्हणाला. “आणि पुढचं कामही नाही. विचार कर. कॉलेज सोडलेल्याला अशी संधी कोण देतं?”

“तुम्ही दिलीत, त्याबद्दल आभार,” मी म्हटलं. खरंच वाटलं म्हणून म्हटलं. “पण नको.”

तेव्हा दिग्दर्शिकाबाई प्रसिद्धीवाल्याकडे वळून म्हणाल्या, “यातला एक शब्द पेपरात आला तर पुढचा सिनेमा माझ्याशिवाय काढा.” निर्मात्याने छताकडे पाहिलं. मग बाई मला म्हणाल्या, “स्टेजवर मी एकच वाक्य बोलणार आहे. ‘एका आईचे आभार.’ त्यांना विचारा, चालेल का?” मी म्हटलं, विचारतो. तर तू सांग, चालेल का? मला वाटतं, चालावं.

कानसेन म्हणाले, “परत आलास की माझ्या दारावरून जाऊ नकोस, आत ये. काम मी शोधीन.” मी वाकून त्यांच्या पाया पडलो, तर ते ओरडले, “ऊठ रे, मी काय मेलोय?”

कात्री दाराजवळ होती. मी म्हटलं, “जातो.” ती म्हणाली, “बाळाला मानेखाली हात घालून धर. आणि पोचलास की पत्र टाक. ताईला नाही, मला.”

मागे प्रसिद्धीवाला अजून काहीतरी बोलत होता, आता पैशांचं आमिष दाखवत असावा. उत्तर जिभेवर होतं, चांगलं झणझणीत. ते मी गिळलं, पिशवी उचलली, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.